चार मिनिटांच्या अलारिप्पूसाठी

रसिकहो, नृत्याविषयी अधिकारवाणीने बोलावे असे माझ्यापाशी काही नाही. मला अधिकार आहे तो फक्त प्रेक्षागृहात बसण्याचा, आणि मुलीच्या भरतनाट्यमच्या क्लासचा गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम आला की तो मी रीतसर प्रवेशिका विकत घेऊन बजावतो.

कार्यक्रमाची सुरुवात दीपप्रज्वलनाने होते. समई नेमकी पंख्याच्या झोतात ठेवलेली असल्यामुळे प्रमुख पाहुणे काडीमागून काडी ओढत राहतात, आणि शेवटी कोणीतरी पंखा बंद करते. मग तेच पाहुणे मोबाइलमुळे मुले कलेपासून कशी दुरावली हे सविस्तर सांगतात. ते ऐकणाऱ्या सभागृहातला जवळजवळ प्रत्येक हात त्या वेळी मोबाइल उंच धरून कोन जुळवत असतो.

त्यानंतर सर्वांत लहान मुलींचा अलारिप्पू, म्हणजे भरतनाट्यमच्या कार्यक्रमातली आरंभीची छोटी रचना, येतो. या रचनेच्या आरंभी हालचाल असते ती मुख्यतः डोळ्यांची आणि मानेची, आणि शास्त्रकारांनी त्यामागे काय योजले असेल ते असो, सात वर्षांच्या मुलीच्या दृष्टीने ती आई-बाबा कोणत्या रांगेत बसले आहेत हे शोधण्याची अधिकृत सोय असते. ताई कडेला बसून टाळांवर ठेका धरतात, बाराही मुलींचे डोळे उजवीकडे जातात, अकरा परत येतात आणि बारावीचे तिथेच राहतात, कारण तिला आजी दिसलेली असते. माझी मुलगी डावीकडून तिसरी होती. तिच्या आणि माझ्या मधोमध एक गृहस्थ भलामोठा टॅब उंचावून उभे राहिले, त्यामुळे तिचा अलारिप्पू मी त्यांच्या पडद्यावर पाहिला, आणि त्यांनी तो अर्थातच स्वतःच्या मुलीवर रोखलेला होता.

जेमतेम चार मिनिटांत हे आटोपते. आता घरी जायला हरकत नसावी, असे नवख्या पालकांना वाटते.

इथे थोडा इतिहास सांगितला पाहिजे. अलारिप्पूपासून जतिस्वरम, शब्दम, वर्णम अशी वाटचाल करत तिल्लान्यापर्यंत पोहोचणारा जो क्रम आज मार्गम म्हणून ओळखला जातो, त्याची घडी बसवण्याचे श्रेय चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या तंजावरच्या चार बंधूंना देतात. तंजावरच्या गादीवर १७९८ ते १८३२ या काळात असलेल्या दुसऱ्या सरफोजीराजे भोसल्यांच्या दरबाराचा त्यांना आश्रय होता, आणि राजांनी स्वतःही नृत्यासाठी मराठीत रचना केल्या होत्या. म्हणजे आपल्या बसून राहण्याचे थोडे उत्तरदायित्व मराठी राज्यकर्त्यांकडेही जाते. त्या क्रमात कलेचा चढ आहे. क्लासच्या ताई मात्र त्यावर आपले स्वतंत्र शास्त्र चढवतात. लहान मुलींना अलारिप्पूत एकदा आणले की थेट शेवटच्या तिल्लान्यात मागच्या रांगेत पुन्हा उभे करायचे, प्रमाणपत्रे त्यानंतर वाटायची, आणि सामूहिक छायाचित्र होईपर्यंत वेणीच्या गंगावनाची एक पिनही काढू द्यायची नाही! मग घरी जायला कोण पालक उठतो?

अशी काही वर्षे काढली की पालक नाइलाजाने जाणकार होतो. ज्यांना जमिनीवर मांडी घालून बसताना दोघांचा आधार लागतो, ते शेजारच्याच्या कानात ‘तिची अरमंडी अजून बसत नाही’ असे, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धे बसण्याच्या मूळ पवित्र्याविषयी, कुजबुजू लागतात.

गंमत अशी, की खरोखर पाहण्यासारखे जे असते ते या मधल्या काळात घडते. एखादी मोठी विद्यार्थिनी अर्ध्या तासाचे वर्णम एकटीने पेलत असते. एका ओळीचा अर्थ ती दहा तऱ्हांनी हातांतून आणि चेहऱ्यातून उलगडते, आणि लगेच जती, म्हणजे तालाच्या बोलांची मालिका, घेऊन पावलांनी रंगमंच दणाणून सोडते. तेवढ्यात सभागृह निम्मे रिकामे होते, कारण बाहेर बटाटेवडे तळले जात असतात आणि अलारिप्पूतल्या मुलींना भूक लागलेली असते. मी एकदा वर्णमला बसून राहिलो तेव्हा मुलगी पूर्ण पेहरावात माझ्या मांडीवर झोपली होती, तिच्या घुंगरांनी मला हलू दिले नाही, म्हणून ते मला शेवटपर्यंत पाहायला मिळाले.

यावर माझी ताईंना एक सूचना आहे. लहान मुलींचा अलारिप्पू दोन भागांत करावा आणि वर्णम बरोबर मध्ये ठेवावे. तंजावरच्या त्या चौघांना ही युक्ती सुचण्याचे कारण नव्हते. त्यांच्यासमोर राजे बसलेले असत, आणि राजांना वडे आणायला स्वतः उठावे लागत नसे.