लडाखात दारे धरताना

नमस्कार, श्रोतेहो. आपल्या सांगली-सातारा भागातली माणसे पोटापाण्यासाठी दूर जाऊन स्थायिक होतात, हे नवीन नाही. विटा-खानापूरकडच्या गलाई बांधवांनी सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी सारा देश पालथा घातला आहे. माझ्या वाट्याला मात्र, यजमानांच्या रस्तेबांधणीतल्या नोकरीमुळे, आटपाडी तालुक्यातून निघून लडाखात, लेहच्या पश्चिमेला सिंधूच्या खोऱ्यातल्या एका छोट्या गावात संसार मांडणे आले. तिथे रुळायचे म्हणजे काय करायचे, एवढेच आज सांगणार आहे.

प्रवासाच्या सूचना आता सर्वांना पाठ असतात. लेह सुमारे 3,500 मीटर उंचीवर, म्हणजे महाबळेश्वरच्या सुमारे अडीच पट उंच असल्याने पहिले दोन दिवस स्वस्थ पडून राहावे. पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळत असल्याने कुकरशिवाय तुरीच्या डाळीच्या नादी लागू नये. आणि झोजिला व मनालीकडचे घाट हिवाळ्यात बर्फाने बंद होत असल्याने घरातली भरणी आधीच करावी. आठवडाभर फिरून ‘लडाख केले’ म्हणणाऱ्यांना एवढे पुरते. राहणाऱ्याला मात्र आधी तिथले पाणी कळावे लागते. पुन्हा सांगते, आधी पाणी कळावे लागते.

तिकडे वर्षाला जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस पडतो, तेव्हा सारी शेती वितळलेल्या बर्फावर चालते. दिवसभराच्या उन्हाने डोंगरावर सुटलेले पाणी गावात पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते आणि पहाटे तोच ओढा रोडावतो. त्यामुळे शेताला पाणी घेण्याची पाळी कोणत्या प्रहराची, याला फार महत्त्व असते. ती ठरवणाऱ्या माणसाला चुरपोन म्हणतात आणि त्याला गावच नेमते. आटपाडीला क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींनी दुष्काळी भागाच्या पाण्यासाठी भरवलेल्या पाणी परिषदांना घरच्यांबरोबर गेलेली मी, मला हे पाहून फार बरे वाटले. आपल्या पाटबंधारे खात्यातल्या साहेबांनी एकेक उन्हाळा चुरपोनच्या हाताखाली काढावा, असे माझे जुने मत आहे.

पहिल्याच उन्हाळ्यात आमच्या घरमालकीणबाईंनी, आमा-लेंनी, बटाट्याचा आणि जवाचा एक तुकडा मला करायला दिला. एका संध्याकाळी चुरपोन दारात येऊन आज रात्री तुमची पाळी असल्याचे सांगून गेला, तेव्हा आमा-लेंचा मुलगा लेहला होता आणि त्यांचे स्वतःचे गुडघे धरलेले होते. नोकरदाराची ही बायको रात्री काय करणार, ही काळजी त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. परंतु आमच्याकडे शेतीपंपाची वीज रात्रीचीच येत असल्यामुळे मी लहानपणापासून वडिलांबरोबर कंदिलाच्या उजेडात दारे धरलेली होती, म्हणजे पाटाचे पाणी एकेका वाफ्यात सोडण्याचे आणि बंद करण्याचे काम केलेले होते. यजमानांचा कोट आणि गमबूट चढवून, फावडे घेऊन मी शेतात गेले. तिकडे वाफ्याचे तोंड बंद करण्यासाठी दगड, मुळासकट काढलेले गवत आणि जुनी चिंधी वापरतात. ती चिंधी पिळताना बोटे अशी बधिर झाली की दगड हातात आहे की नाही, ते पाहूनच कळायचे.

थोड्या वेळाने माझ्यानंतर पाळी असलेले शेजारचे आजोबा बॅटरी घेऊन बांधावर येऊन बसले. ते माझ्या सोबतीला नव्हे, तर स्वतःच्या पाण्याच्या राखणीला आले होते, हे उघड होते. वाफा तुडुंब भरू न देता पाणी शेवटाच्या थोडे अलीकडे आले की दारे मोडून ते पुढच्या वाफ्यात वळवायचे, म्हणजे उरलेला भाग मागून येणाऱ्या पाण्याने आपोआप भिजतो, ही वडिलांची शिकवण होती; मी तसेच करत गेले. प्रत्येक वेळी आजोबा बॅटरीचा झोत वाफ्याच्या शेवटापर्यंत नेऊन जमीन ओली झाली का, ते पाहत होते. माझी जमीन वेळेआधी भिजली, तेव्हा उरलेले पाणी मी त्यांच्या पाटात सोडले. ते एक शब्दही न बोलता उठले आणि आपले फावडे घेऊन कामाला लागले. पुढच्या पाळीला ते राखणीला आले नाहीत, आणि हिवाळ्यात नळ गोठल्यावर हातपंपावर माझी घागर कोणती, हे त्यांच्या घरातल्या बायका मला न विचारता ओळखू लागल्या होत्या.

तेव्हा उत्तरेकडे बदली झालेल्या कुटुंबांनी लोकरीचे कपडे सांगलीहून वाहून नेऊ नयेत, ते लेहच्या बाजारात चांगले मिळतात. चुरपोनचे घर कोणते, हे मात्र पहिल्या आठवड्यातच विचारून घ्यावे. नमस्कार.