नजर लागली, फॅट लागली

(लघुमाहितीपटाचं निवेदन)

[दृश्य : अंधार. मशीनवरचा लाल आकडा. कॅनमधून दूध ओतल्याचा आवाज.]

६.९.

हा आकडा बघून ठेवा. तीन मिनिटं आठ सेकंदांच्या एका प्रेमगीताच्या व्हिडिओत तो चार वेळा येतो. गाण्याच्या शब्दांत मात्र त्याचा पत्ता नाही.

कोल्हापूरच्या जरा बाहेर, एका गावातली दूध संस्था. पहाटेचे पावणेसहा. काट्यावर कॅन चढतोय, नमुन्याची छोटी वाटी मशीनखाली सरकतेय, आणि रांगेतल्या पहिल्या मुलीकडे कॅमेरा लावून सात विद्यार्थी श्वास रोखून उभे आहेत. ती त्यांची वर्गमैत्रीण. व्हिडिओची नायिकाही तीच. तिचं लक्ष आकड्याकडे आहे, कारण तो दुधातल्या फॅटचा, म्हणजे स्निग्धांशाचा आकडा, त्यावर दुधाचा दर ठरतो; म्हैस खरी आहे आणि दर दहा दिवसांनी निघणारं बिलही खरं आहे.

मागे उभ्या असलेल्या आजोबांनी विचारलं, "किती लागली गं फॅट?"

"सहा नऊ."

"बरी हाय की."

हा संवाद व्हिडिओत नाही. आमच्याकडे आहे, म्हणून ऐकवला.

[दृश्य : वर्ग. पांढरा फळा, तीन रंगांची अक्षरं.]

मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाचा हा प्रकल्प. पॉप गाण्याचा व्हिडिओ करायचा. कागदावर अट एका ओळीची : या प्रकारचे संकेत पाळा, आणि निदान एक मोडा.

गाणं आधीच तयार होतं. वर्गातल्याच एका मुलाने लिहिलेलं, चाल लावलेलं, घरी गाद्या उभ्या करून रेकॉर्ड केलेलं. कुणासाठी लिहिलं, ते आम्ही विचारलं नाही. मुखड्याची ओळ अशी : "नजर तुझी लागली गं, झोप माझी उडाली." तोंडात बसते. पॉपला तेच लागतं.

फळ्यावर दिग्दर्शिकेने मराठी पॉप व्हिडिओत काय काय दिसतं त्याची यादी करायला घेतली आणि अर्ध्या तासात फळा भरला. हिरोची स्लो मोशनमधली एन्ट्री. बुलेट. उसाच्या फडावरून जाणारा ड्रोन. जुना वाडा, नऊवारी, नथ. मागे वळून हसणं. शेवटच्या मुखड्याला अख्खी गँग नाचायला. २०२४ मध्ये संजू राठोडचं 'गुलाबी साडी' रील्समधून देशभर पोचलं, तेव्हापासून साडीचा रंगसुद्धा यादीत धरावा, असं एकाचं म्हणणं. धरला.

मग फळ्याच्या तळाशी तिने एक प्रश्न लिहिला. कॅमेरा तिथे थोडा थांबवलाय, वाचून घ्या.

"तिच्या हातात काय असतं?"

उत्तरं आली : ओढणी. आरसा. फूल. मोबाईल. छत्री. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "हिरोचा हात." हशा झाला. यादी तिथेच संपली.

पुढचा सगळा व्हिडिओ या प्रश्नातून निघालाय.

मॅडमनी फळ्याच्या कोपऱ्यात एक नाव लिहिलंय : अँड्र्यू गुडविन. म्युझिक व्हिडिओवरचं त्याचं पुस्तक १९९२ चं, आणि जगभरच्या मीडियाच्या वर्गांत आजही त्याच्यावाचून पान हलत नाही. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : चित्राचं शब्दांशी तीन प्रकारचं नातं असतं. शब्द म्हणतील तेच दाखवायचं. शब्द म्हणतील त्यात भर घालायची. नाहीतर शब्दांशी फारकत घ्यायची. कलाकाराचे क्लोजअप, कुणी कुणाकडे बघतंय याचा खेळ, प्रत्येक संगीतप्रकाराची ठरलेली लकब, हेही त्यानेच मांडलं.

या मुलांनी फारकत निवडली. मला विचाराल तर नुसती फारकत घेणं सगळ्यात सोपं. शब्दांत पाऊस आला की ऊन दाखवा, झालं. फारकत घेऊनही गाणं पॉप राहायला हवं, बघणाऱ्याचा पाय हलायला हवा, खरा घाम तिथे निघतो. म्हणून यांनी एक मोडलं आणि बाकी सगळं जिवाच्या कराराने पाळलं.

[दृश्य : उसाच्या फडामधला रस्ता. धुकं. एक हेडलाइट.]

एन्ट्री. स्लो मोशन आहे, धुकं आहे, मागून येणारा कोवळा उजेड आहे, केसांची एक बट सुटलेली आहे. गाडी मात्र एम-एटी. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. आणि चालवणारी ती.

कोल्हापूरच्या माणसाला एम-एटी समजावून सांगावी लागत नाही. बाकीच्यांसाठी : कॅन लावून बांधावरून जाणारी ही गाडी इथल्या कित्येक घरांनी मुलांपेक्षा जास्त वर्षं सांभाळलीय.

हा शॉट पाच वेळा घेतला. तिसऱ्या वेळी गाडी मध्येच बंद पडली, कारण पेट्रोल भरायचं काम ज्याच्याकडे होतं तो ड्रोनची चौकशी करत बसला होता. ड्रोन शेवटी आलाच नाही. त्याचं भाडं परवडेना.

[दृश्य : पाडव्याची म्हशींची मिरवणूक. आमचं गेल्या वर्षीचं चित्रीकरण.]

खरं तर बाइक एन्ट्री कोल्हापूरने कुणाकडून शिकायची गरज नाही. दिवाळी पाडव्याला म्हशी सजवून रस्त्यावर आणतात. शिंगं रंगवलेली, गळ्यात माळा. मालक मोटरसायकलवर पुढे, आणि त्याच्या गाडीचा आवाज ओळखून म्हैस मागे सुसाट. ही दृश्यं मुलांना दाखवली तेव्हा दिग्दर्शिका म्हणाली, "आमच्या व्हिडिओत हेच आहे की. फक्त म्हैस घरी आहे."

[दृश्य : पंचगंगा घाट. दीपमाळा. पाण्यावर पहिलं ऊन.]

गायकाची दृश्यं सगळी घाटावर. इथे काहीही मोडलेलं नाही. गॉगल आहे, उघड्या बटणांचा शर्ट आहे, कॅमेऱ्यात बघून गाणं आहे. मुखड्याला क्लोजअप, अंतऱ्याला लांबचा शॉट, हे गणितही ठरल्याप्रमाणे.

कबुतरं उडतात आणि तो संथपणे वळून गातो, पण ओठ मात्र गाण्याबरोबर चालतात, हा शॉट लक्षात राहतो. त्याची युक्ती जुनी आहे. गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, गायकाने त्याच वेगाने ओठ हलवायचे, कॅमेऱ्याने सेकंदाला ५० फ्रेम घ्यायच्या आणि त्या २५ च्या वेगाने दाखवायच्या. शर्ट, केस, कबुतरं सगळं अर्ध्या वेगावर येतं. ओठ जागेवर. घाटावर अंघोळीला आलेल्यांनी मात्र तो चिमणीच्या आवाजातला दुप्पट मुखडा अकरा वेळा ऐकला. अकराव्या वेळी एक काका बरोबरीने म्हणत होते.

मग लांबचा शॉट. गायक त्या टोकाला, पायाशी स्पीकर. कॅमेरा या टोकाला, मध्ये चाळीसेक मीटर. घरी येऊन जुळवायला घेतलं तर ओठ गाण्याच्या आधी पळताहेत. आधी सगळ्यांनी गायकाला बोल लावले. दोन दिवसांनी संकलन करणाऱ्या मुलाच्या डोक्यात प्रकाश पडला. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम चाळीस मिलिसेकंदांची, तेवढ्यात आवाजाची मजल चौदा मीटरच्या आतबाहेर. म्हणजे कॅमेऱ्याच्या माइकला गाणं तीन फ्रेम उशिरा ऐकू आलं होतं, आणि हा त्याच आवाजावर शॉट जुळवत होता. तीन फ्रेम सरकवल्या. ओठ बसले.

गायकाची माफी मागितली की नाही, ते आमच्या चित्रीकरणात नाही.

[दृश्य : खरी कॉर्नर. कॅमेरा स्तंभ. बाजूने वाहनं.]

येता-जाता ही मंडळी रोज इथून गेली. मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांची आठवण म्हणून उभा असलेला हा कॅमेरा. याच गावात पेंटरांनी स्वतःचा कॅमेरा घडवला. पौराणिक चित्रपटांची चलती असताना, १९२५ मध्ये, 'सावकारी पाश' काढला. देव नाहीत, चमत्कार नाहीत. जमीन गमावलेला शेतकरी. त्या तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम होते. पेंटरांनी पौराणिकपटही काढलेले होते, आणि ते उत्तम काढलेले होते, हे इथे जाता जाता सांगून ठेवतो.

[दृश्य : पुन्हा दूध संस्था. ट्यूबलाइट. कॅमेऱ्याच्या पडद्यावर सरकणारे काळे पट्टे.]

पहिल्या पहाटेचं चित्रीकरण वाया गेलं. हे पट्टे त्यामुळेच. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर सेकंदाच्या एक-पन्नासांशावर आणलं की पट्टे जातात. दुसऱ्या पहाटे आणलं.

आणि मग जमून आलेली ही जागा. शब्द : "नजर तुझी लागली गं". चित्रात तिची नजर. क्लोजअप, अगदी ठरल्यासारखा. डोळे किंचित वर, ओठ किंचित विलग. प्रेमगीतातली नायिका असंच बघते. पुढचा कट : ६.९. ती मशीनकडे बघत होती.

नजर लागली नाही. फॅट लागली.

वर्गात पहिल्यांदा हे दाखवलं तेव्हा हसू फुटायला एक ठोका लागला. बघा, आम्ही तो ठोका ठेवलाय.

तिला अभिनय शिकवायचा प्रयत्न एकदा झाला होता. "नुसती चालत ये" म्हटलं तर हातांचं काय करायचं तिला कळेना. "कॅन उतरव" म्हटलं तर तिने गुडघा लावला, कडी पकडली, एका हिसक्यात कॅन काट्यावर. दिग्दर्शिकेने सूचना देणं त्यानंतर बंद केलं.

[दृश्य : गंगावेश. संध्याकाळ. दूध कट्टा. म्हशी, ग्लास, फेस.]

शेवटच्या मुखड्याचा नाच. तो हवाच. आणि त्याला एक हुक स्टेप हवी, जी लोक आपापल्या मोबाईलवर करून बघतील. मुलांनी ती कट्ट्यावरून उचलली : एक हात वर, दुसरा खाली, वरच्या ग्लासातून खालच्या ग्लासात दूध. कट्ट्यावर समोर धार काढून ग्लास हातात देतात. फेस आणण्याची ही मनगटाची लकब.

मुलांची मनगटं लाकडी. कट्ट्यावरच्या मामांना बघवेना. ते उठले. "मनगट वर, ग्लास खाली. आणि बघा हं, सांडलं तर पैसे तुमच्याकडनं."

चौथ्या टेकला मुलांनी अजून एकदा करू या म्हटलं. मामा म्हणाले, "पोरांनो, म्हस एकदाच धार देती. तुमच्यासाठी परत द्यायची न्हाई ती."

हा पाचवा टेक. आवाज वाढवतो. सहा मुलं-मुली, गिऱ्हाईकं बाजूला सरकलेली, मागे म्हैस. आता म्हशीकडे बघा. शेवटच्या थापेला बरोबर मान वळवते. याचं श्रेय कुणालाच घेता येत नाही.

नायिका या नाचात नाही. संध्याकाळची धार तिच्या घरीही असते.

[दृश्य : लॅपटॉप. टाइमलाइनवर हिरव्या खुणा.]

गाणं मिनिटाला १०० ठोक्यांचं. एक ठोका ०.६ सेकंदाचा, म्हणजे बरोबर पंधरा फ्रेम. संकलकाने दर पंधरा फ्रेमला खूण केली. घाट, कट्टा, गॉगल, कबुतरं : सगळे कट ठोक्यावर. पॉप असाच कापतात. दूध संस्थेत मात्र त्याने ठोका सोडला आणि काम धरलं. कॅन रिकामा होईपर्यंत शॉट कापायचा नाही, मग खाली गाणं कुठेही पोचलेलं असो. पहिल्यांदा बघताना वाटतं चूक झाली. दुसऱ्यांदा त्या लांबलेल्या शॉटची वाट बघायला लागतो.

पूर्ण व्हिडिओत गायक आणि ती एकाही चौकटीत एकत्र नाहीत. तिने शेवटी एकदा तरी त्याच्याकडे बघून हसावं की नाही, यावर सोमवारी मोठं भांडण झालं. ते आमच्याकडे नाही, आमची बॅटरी चार्जिंगला होती. दोन शेवट चित्रित झाले एवढं खरं. हा हसण्याचा. बरा आहे, ती छान हसते. हा वापरला नाही.

व्हिडिओ वेळेत जमा झाला, मार्क चांगले मिळाले, वर्गात दोनदा दाखवला गेला. गायक गटाच्या पुढच्या गाण्यात नाही.

[दृश्य : दूध संस्थेबाहेर. उजाडलेलं. एम-एटी, रिकामे कॅन.]

वापरलेला शेवट हा. शेवटची थाप पडते. गाणं संपतं. इथे सहसा नावं येतात, चॅनेलची खूण येते, घंटा वाजवा म्हणतात. इथे चित्र चालू राहतं. आवाज फक्त रिकाम्या कॅनचा. ती पावती घडी घालून ब्लाउजच्या बाहीत खोचते, किक मारते, निघते.

पटकथेत ती कोपऱ्यावर थांबणार होती. मागून "कट, कट" असं ऐकू येतंय ते दिग्दर्शिकेचं. पण सव्वासात झालेत, घरी दुसऱ्या म्हशीचं दूध काढून ठेवलेलं आहे आणि संस्थेचा काटा साडेसातला बंद होतो.

कॅमेरा धरणाऱ्या मुलाने बटण दाबलं नाही. अकरा सेकंद. गाडी फडाच्या मागे वळेपर्यंत.