पाटीतली शेवळं

(दृश्य : दादर स्थानकाबाहेर, जूनमधली सकाळ)

"शेवळं घेतेस ना, मग ही काकडंपण घे बाय. नाहीतर घसा खाजेल."

काकडं म्हणजे रानातली आंबट फळं. पालघरकडच्या मावशी भाजीबरोबर ती रांधायची रीतही देतात. पहिल्या पावसात उगवणारी ही शेवळं काल रानातून खुडली, पहाटेच्या लोकलने इथे आली. खुडणारे हात आणि पैसे घेणारे हात एकच. मध्ये कुणी नाही.

आता समोरच्या गाडीवरची मेथी बघा. नाशिककडच्या शेतातून ती काल दुपारी उपटली. जुड्या बांधून टेम्पोत रचली, कसारा घाट उतरून रात्री वाशीच्या बाजार समितीत आली. तिथून घाऊक व्यापारी, मग दादर, मग ही गाडी. प्रत्येक टप्प्यावर भाडं, हमाली आणि दबून काळ्या पडलेल्या पानांची तूट. कांदा-बटाटा हा प्रवास सोसतो. त्यांनी खुशाल लांबून यावं. सव्वा कोटीहून जास्त माणसांचं शहर वाशीशिवाय जेवणार नाही, हेही खरं. पण पालेभाजी, रानभाजी, वसईची केळी, घोलवडचे चिकू यांना एवढे हात कशाला? चर्चगेटहून डहाणू सव्वाशे किलोमीटरवर आहे, आणि तिथवर लोकल जाते!

२०१६ मध्ये राज्य सरकारने फळं-भाज्या बाजार समितीच्या नियमनातून मोकळ्या केल्या. शेतकरी आठवडे बाजारही सुरू झाले. म्हणजे माल थेट आणायची मुभा आहे. अडतं ते बसायच्या जागेपाशी.

२०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत माणसं गेली. त्यानंतर उच्च न्यायालयाने कुठल्याही रेल्वे स्थानकापासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली. जिने, पूल मोकळे हवेतच, त्यात तडजोड नको. पण लोकलने आलेल्या बाईने भरली पाटी डोक्यावर घेऊन जायचं कुठे? मंडईतले गाळे आधीच कुणाच्या ना कुणाच्या नावावर आहेत. तिला गाळा नकोच आहे. सकाळी सहा ते अकरा बसण्यापुरती फरशी, वर छप्पर, भाजीवर शिंपडायला नळाचं पाणी आणि जवळ एक स्वच्छतागृह. मंडईच्या आवारात एवढी सोय करता येते, आणि ती करायलाच हवी. कोट्यवधींच्या शीतगृहांआधी करायला हवी.

(दृश्य : पाटी, जवळून)

"मावशी, उद्या याल?"

"शेवळं आहेत तोवर येईन. मग टाकळा, मग कंटोळी."

मागून कुणीतरी ओरडतं, "पालिकेची गाडी आली!" मावशी उरलेल्या जुड्यांवर फडकं ओढतात. माझी सुटी चार काकडं मात्र आठवणीने हातात ठेवतात.