कांद्याच्या घुमटाखालचे गोटे

नमस्कार. प्रोजेक्टर लावलाय, पडदाही लावलाय, फक्त त्या प्रोजेक्टरला माझा पेनड्राइव्ह दिसत नाहीये, त्यामुळे आज फोटो नाहीत. एका अर्थी बरंच झालं, कारण फोटो असले की माणूस बोलत नाही, नुसतं "हे बघा, हे पण बघा" करत राहतो. आणि मला संयोजकांनी विषय दिला होता "रशिया : एक प्रवास", तो मी माझ्यापुरता छोटा करून घेतलाय. आठ दिवसांत रशिया काय कळणार हो? मी एकाच चर्चबद्दल बोलणार आहे, फार तर दोन.

सेंट पीटर्सबर्गमध्ये एक कॅथेड्रल आहे, रशियन लोक त्याला स्पास ना क्रोवी म्हणतात. स्पास म्हणजे तारणहार, येशू. ना क्रोवी म्हणजे रक्तावरचा. सांडलेल्या रक्तावरचा तारणहार. कागदोपत्री नाव वेगळं आहे, ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचं कॅथेड्रल वगैरे, पण ते कुणी वापरत नाही. आमच्या ग्रुपला तिथे पंचवीस मिनिटं दिली होती. पंचवीस! त्यात वॉशरूम धरून. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी शॉपिंगचा कार्यक्रम होता तो आम्ही दोघांनी बुडवला आणि परत गेलो, आणि आज जे काही सांगतोय ते त्या दुसऱ्या फेरीतलं.

पहिल्यांदा लांबून दिसतं तेव्हा सगळे एकच म्हणतात, अय्या, केक! निळे, हिरवे, पांढरे, पिवळे पट्टे पिळून वर गेलेत, कुठे खवले, कुठे सोनं, आणि आकार कांद्याचा. आता नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला कांद्याचं काय कौतुक, पण खरंच बघत राहावं असे कांदे आहेत. तांब्याच्या पत्र्यावर रंगीत एनॅमल चढवलंय, म्हणजे दागिन्यावर मीनाकारी करतात ना, तीच कला, पण घुमटाच्या मापाची.

पण गंमत अशी की हे चर्च त्या शहरात शोभत नाही. पीटर द ग्रेटने १७०३ मध्ये ते शहर वसवलं ते युरोपकडे तोंड करून, सगळं कसं सरळ रेषेत, खांब, कमानी, इटालियन आर्किटेक्ट. आणि त्याच्या मधोमध हे जुन्या मॉस्कोच्या धाटणीचं रंगीबेरंगी प्रकरण. ते मुद्दाम केलंय. झार, म्हणजे रशियाचा राजा, तिसऱ्या अलेक्झांडरने खून झालेल्या वडिलांचं, दुसऱ्या अलेक्झांडरचं, स्मारक बांधायला घेतलं तेव्हा त्याला युरोपियन काही नकोच होतं, अस्सल रशियन पाहिजे, सतराव्या शतकातल्यासारखं पाहिजे, असा त्याचा हट्ट. मग आल्फ्रेड पारलांड नावाच्या आर्किटेक्टचं डिझाइन ठरलं. १८८३ मध्ये काम सुरू झालं आणि १९०७ मध्ये संपलं, तोवर तिसरा अलेक्झांडर जाऊन त्याचा मुलगा दुसरा निकोलस गादीवर आला होता.

आत गेलात की मान वर जाते ती खाली येत नाही. भिंती, खांब, कमानी, छत, सगळीकडे चित्रं, आणि ती रंगवलेली नाहीत, मोझेइकची आहेत. मोझेइक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जुन्या ब्लॉकमधली ठिपक्याठिपक्यांची फरशी येते, ती विसरा. हे रंगीत काचेचे बारीक तुकडे, एकेक हाताने बसवलेला. असं सात हजार चौरस मीटरपेक्षा जास्त काम आहे. मी फुटात हिशोब केला, पाऊण लाख चौरस फूट होतात, म्हणजे साडेसातशे फुटांचे शंभर टू-बीएचके. सोनेरी तुकडा कसा करतात तर काचेच्या दोन थरांमध्ये सोन्याचा वर्ख. म्हणून ते सोनं काळं पडत नाही, आणि तुम्ही चालायला लागलात की भिंतीवरचा उजेड पण तुमच्याबरोबर सरकतो.

चित्रकार मोठमोठे होते, वास्नेत्सोव, नेस्तेरोव वगैरे, पण त्यांनी फक्त चित्रं काढून दिली. ती काचेत उतरवली फ्रोलोव यांच्या वर्कशॉपने. त्यांची पद्धत ऐका. चित्राची उलटी, आरशातल्यासारखी कॉपी कागदावर काढायची, त्या कागदावर तुकडे पालथे चिकटवायचे, आणि सगळा तक्ता भिंतीवरच्या ओल्या प्लॅस्टरमध्ये दाबायचा, मग कागद काढून टाकायचा. म्हणजे काम करणाऱ्याला शेवटपर्यंत चित्राची पाठच दिसते. विणकाम करणाऱ्या बायका बसल्यात इथे, त्यांना कळेल मी काय म्हणतोय. या फ्रोलोव मंडळींपैकी व्लादिमिर फ्रोलोव यांचं नाव लक्षात ठेवा, ते पुढे परत येणारेत.

पहिल्या दिवशी आमच्या ग्रुपने काय केलं, तर सगळ्यांनी वर बघितलं. मधल्या घुमटात ख्रिस्ताचा प्रचंड मोठा चेहरा आहे, सरळ तुमच्याकडे बघणारा, त्याच्याबरोबर सेल्फी काढायचा म्हणजे मोबाइल पोटाजवळ धरून वर करावा लागतो, सगळे त्याच उद्योगात. मी पण. दुसऱ्या दिवशी मात्र पश्चिमेच्या टोकाला एक छत्री दिसली. छत्री म्हणजे समाधीवर असते तशी, जॅस्पर नावाच्या दगडाचे चार खांब, वर नक्षी. आत कठडा. वाकून बघितलं तर आत काय? मूर्ती नाही, थडगं नाही, रस्ता! साध्या दगडी गोट्यांचा रस्ता, आपल्याकडे जुन्या गावांत असायचा तसा, आणि कडेला कालव्याच्या रेलिंगचा तुकडा.

याच्यासाठी ते सगळं बांधलंय बरं का. त्या गोट्यांसाठी.

मग मी बाहेर येऊन परत बघितलं तेव्हा लक्षात आलं की चर्च चक्क कालव्यात घुसलंय. कालव्याचा काठ सरळ येतो, चर्चपाशी पाण्यात पोट काढतो, आणि पुढे परत सरळ. याचं कारण, राजा पडला तो कालव्याच्या काठच्या रस्त्यावर, आणि स्मारक दहा पावलं आत घेऊ या असं कुणी म्हटलं नाही, किंवा म्हटलं असेल तर ऐकलं गेलं नाही. जागा तीच पाहिजे. मग कालव्यात भराव घातला आणि काठ पुढे सरकवला. आपल्याला हे समजावून सांगावं लागत नाही, समाधीची जागा हलवत नसतात, रस्ता वळसा घालून जातो, हे आपण लहानपणापासून बघतोय. इथे पाण्याने वळसा घेतला.

तर झालं काय होतं. १३ मार्च १८८१, त्यांच्या जुन्या कॅलेंडरप्रमाणे १ मार्च, वार रविवार. झार दुसरा अलेक्झांडर सैन्याची परेड बघून परत चालला होता. याच राजाने १८६१ मध्ये भूदासांना, म्हणजे जमीनदारांच्या ताब्यातल्या शेतकऱ्यांना, मोकळं केलं होतं. पण जमिनीचे हप्ते त्यांच्या डोक्यावर राहिले, सत्ता होती तिथेच राहिली, आणि नारोदनाया वोल्या, म्हणजे लोकांची इच्छा, नावाची गुप्त संघटना त्याच्या मागे लागली. त्या दिवशी माणसं कुठे उभी करायची आणि इशारा कधी करायचा हे बघत होती सोफिया पेरोव्स्काया, सत्तावीस वर्षांची. तिचे वडील एकेकाळी त्याच शहराचे गव्हर्नर होते! तिने रुमालाने खूण केली. पहिला बॉम्ब पडला, त्यात बरोबरचे घोडेस्वार आणि रस्त्यावरचा एक पोरगा जखमी झाला, तो पोरगा पुढे दगावला बिचारा. राजाच्या गाडीचं फारसं काही झालं नाही. ती गाडी फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियनने भेट दिलेली, बॉम्बला टिकेल अशी. तो तसाच निघून गेला असता तर वाचला असता. पण तो खाली उतरला, जखमींना बघायला आणि पकडलेल्या माणसाला बघायला. तेव्हा ग्रिनेवित्स्की नावाच्या पोराने दुसरा बॉम्ब टाकला, तो थेट पायाशी. दोघंही त्याच दिवशी गेले, राजाही आणि बॉम्ब टाकणाराही. एप्रिलमध्ये पाच जणांना फाशी झाली, त्यात सोफिया होती.

आणि माझ्या डोक्यात लगेच आपली तारीख आली. केसरीचा पहिला अंक ४ जानेवारी १८८१. म्हणजे केसरी सुरू होऊन अडीच महिने व्हायच्या आत तिकडे हा स्फोट. कुणी म्हणेल, ओढूनताणून जोडताय. बरं, मग हे ऐका. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट, आपले सेनापती बापट, ते आणि बंगालचे हेमचंद्र दास पॅरिसला जाऊन बॉम्ब कसा करायचा ते शिकले, १९०७ च्या सुमारास. कुणाकडून? तिथे राहणाऱ्या रशियन क्रांतिकारकांकडून. बॉम्बची माहितीपुस्तिका मिळवली ती पण रशियन. आणि १९०७ म्हणजे हे कॅथेड्रल पूर्ण झालं ते साल. तिकडे बॉम्बने मेलेल्या राजावर शेवटचे तुकडे बसत होते आणि इकडे आपला नगर जिल्ह्यातला माणूस तीच विद्या शिकत होता. मी त्या छत्रीपाशी उभा होतो आणि मला ठरवता येईना की मी कुणाच्या बाजूने हळहळायचं. घरी सेनापती बापटांचा फोटो लावलेला माणूस मी.

असो. पुढची गोष्ट भराभर सांगतो. क्रांती झाली, देव नको झाला, १९३० च्या आसपास चर्चला कुलूप लागलं. पाडायचं ठरलं होतं, तेवढ्यात युद्ध आलं. जर्मनांचा वेढा ८७२ दिवस पडला, शहरात लाखो माणसं भुकेने आणि थंडीने मेली, तेव्हा या चर्चमध्ये प्रेतं ठेवायचे. भाजीपाला ठेवायचे. रक्तावरच्या तारणहाराला लोक बटाट्यावरचा तारणहार म्हणायला लागले म्हणे. युद्धानंतर एका थिएटरच्या नाटकांचे सेट तिथे ठेवले. १९६१ मध्ये कामगारांना मधल्या घुमटात न फुटलेला जर्मन तोफगोळा सापडला, म्हणजे तो अठराएक वर्षं वर बसून होता आणि खाली लोक सेट आणत होते, नेत होते. येशूच्या डोक्यात बॉम्ब! राजाच्या पायाशी एक फुटला आणि देवाच्या डोक्यावर एक फुटलाच नाही. सुरुंग विभागाच्या एका माणसाने वर चढून तो काढला.

मग १९७० मध्ये म्युझियम करायचं ठरलं आणि परांच्या बांधल्या. त्या वीसेक वर्षं निघेनात. लोकांत जोक होता की या परांच्या निघतील तेव्हा सोव्हिएत युनियनही जाईल. आणि ते दोन्ही साधारण एकाच सुमाराला गेलं! दारं उघडली १९९७ मध्ये, म्हणजे दुरुस्तीला सत्तावीस वर्षं लागली आणि बांधायला चोवीस लागली होती. आपल्याकडचे काही पूल आठवून मी गप्प बसलो.

आता फ्रोलोव. मोझेइक बसवणारे व्लादिमिर फ्रोलोव. क्रांतीनंतर चर्चची कामं बंद झाली, तर ह्या माणसाने मॉस्कोच्या मेट्रो स्टेशनांची मोझेइक केली. तुम्ही मॉस्कोला गेलात तर मायाकोव्स्काया स्टेशनवर मान वर करून बघा, विमानं, खेळाडू, आकाश, ते याच हातचं. वेढा पडला तेव्हा ते लेनिनग्राडमध्येच, म्हणजे तेव्हाच्या सेंट पीटर्सबर्गमध्येच, होते आणि नोवोकुझनेत्स्काया स्टेशनचे तक्ते करत होते, त्या उपासमारीत. तक्ते वेढ्यातून बाहेर काढून मॉस्कोला पोचवले, फ्रोलोव मात्र १९४२ मध्ये लेनिनग्राडमध्येच वारले. तरुणपणी ज्या भिंती काचेने मढवल्या त्यांच्याच आत त्या दिवसांत शहराची प्रेतं रचलेली होती. हे मला गाइडने सांगितलं नाही, गाइड सोन्याचा हिशोब सांगत होती.

एक गोष्ट मात्र मला खटकली. तिथे मेणबत्तीचा वास जवळजवळ नाहीच. ते तिकीट असलेलं म्युझियम आहे, अधूनमधून प्रार्थना होते, पण आपण जातो तेव्हा हेडफोन लावलेले टुरिस्टच. देव बघायचा असेल तर पाच-सात मिनिटं चालत नेव्हस्की प्रॉस्पेक्टवरच्या कझान कॅथेड्रलला जा. ते बाहेरून रोमच्या सेंट पीटर्ससारखं, अर्धगोल खांबांचं, कांदे नाहीत काही नाही, फोटोला फिकं. नेपोलियनला हाकलणारा सेनापती कुतुझोव तिथे पुरलाय. सोव्हिएत काळात त्यात धर्म आणि नास्तिकतेच्या इतिहासाचं म्युझियम होतं, हा पण एक विनोदच. पण आत गेलात की अंधार, धूप, आणि माणसं उभी. बाकडी नाहीत! ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये देवापुढे उभं राहायचं असतं. गाणं नुसत्या गळ्याचं, ऑर्गन नाही, पेटी नाही, काही नाही. समोर चित्रांची उंच भिंत, तिच्या मधल्या दारातून पुजाऱ्यांशिवाय कुणी आत जात नाही, म्हणजे गाभाराच. बायका डोक्यावर रुमाल बांधून, आमच्या हिने ओढणी घेतली. कझानच्या मातेच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, चित्राला रांग लागलेली, एकेक जण काचेवर ओठ टेकवतो, मग एक बाई फडक्याने काच पुसते, मग पुढचा. धक्काबुक्की नाही, पण आपल्या दर्शनाच्या रांगेत असतो तोच चेहरा प्रत्येकाचा.

तिथे मला अफानासी निकितीन आठवला. पंधराव्या शतकातला रशियन व्यापारी, आपल्या चौलच्या बंदरात उतरला, घोडा विकायला आणला होता. पावसाळ्यात जुन्नरला अडकला. तिथल्या खानाने घोडा ठेवून घेतला आणि म्हणाला, मुसलमान हो, घोडाही देतो वर हजार मोहरा देतो, चार दिवसांत सांग. सुटला तो कसाबसा, एका ओळखीच्या मुसलमानानेच मध्यस्थी केली, आणि त्याने लिहून ठेवलंय की ती सुटका स्पासच्या सणाच्या आदल्या दिवशी झाली. तोच स्पास! बिचाऱ्याची धर्माची पुस्तकं वाटेत व्होल्गावर लुटली गेली होती, त्यामुळे ईस्टर कधी, उपास कधी, काही कळेना, अंदाजाने पाळायचा. जुन्नरमध्ये एकटा ऑर्थोडॉक्स माणूस, ना चर्च ना कॅलेंडर, आणि इथे मी, देव ओळखीचा नाही आणि हात कुठे जोडायचे ते माहीत नाही.

आमच्या हिचं बरं असतं, तिला असले प्रश्न पडत नाहीत. तिने मेणबत्ती घेतली, नातवाची दहावी होती, आणि रिकामी जागा दिसली त्या चौकोनी टेबलावर लावली. तर मागून एक म्हातारी आली, अशी एवढीशी, रुमाल बांधलेली, आणि रागावून काहीतरी बोलायला लागली. आम्हाला वाटलं, झालं, काहीतरी बाटवलं. तिने आमची मेणबत्ती उपटली. मग खुणेने विचारलं, वर आकाशाकडे बोट, की इथे, छातीशी हात? हिला कळलं आधी. ते चौकोनी टेबल गेलेल्या माणसांचं असतं. हिने हाताने उंची दाखवली, एवढा आहे, नातू, आणि छातीवर हात ठेवला. म्हातारीने मान डोलावली, आमची मेणबत्ती घेऊन गेली ती मातेच्या चित्रापुढच्या गोल दिवठणीवर, दुसऱ्या ज्योतीवर पेटवली, बूड जरा वितळवून नीट घट्ट उभी केली, पडत तर नाही ना बघितलं, आणि आमच्याकडे वळूनही न बघता आपल्या जागी जाऊन उभी राहिली.