दादासाहेब गायकवाड यांच्या वाट्याला आलेले आक्षेप

सभ्य स्त्री-पुरुषहो,

आंबेडकरी चळवळीतले नेते कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्याविषयी नाशिकमध्ये आदराने बोलले जाते, त्यांच्या नावाचे सभागृह आपल्याकडे आहे. आणि तरीही चर्चा थोडी पुढे सरकली की दोन आक्षेप हमखास निघतात. ते बाबासाहेबांचे निष्ठावंत कार्यकर्ते होते, पण स्वतंत्र विचाराचे नेते नव्हते, हा पहिला. आणि 1967 साली काँग्रेसशी समझोता करून त्यांनी चळवळ सत्तेच्या दावणीला बांधली, हा दुसरा. हे दोन्ही आक्षेप घेणारी माणसे चळवळीतलीच आहेत, म्हणून त्यांना उत्तर द्यायला हवे असे मला वाटते.

दिंडोरी तालुक्यातल्या आंबे या गावी 1902 साली जन्मलेला हा माणूस सार्वजनिक जीवनात ठळकपणे दिसतो तो काळाराम मंदिर सत्याग्रहात. 2 मार्च 1930 रोजी पंचवटीत निघालेली मिरवणूक, मंदिराचे बंद दरवाजे आणि दुसऱ्या दिवसापासून चारही दरवाजांवर बसलेल्या स्त्री-पुरुषांच्या तुकड्या, हे आपण सारे जाणतो. रामनवमीच्या दिवशी रथ ओढण्यावरून दगडफेक झाली, तेही सांगितले जाते. सांगायचे राहून जाते ते त्यानंतरचे. बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी विलायतेला गेले, तरी सत्याग्रह चालूच राहिला, कारण सत्याग्रह समितीचे चिटणीस भाऊराव गायकवाड, म्हणजे आपले दादासाहेब, तो चालवत होते. खेड्यापाड्यांतून आलेल्या माणसांच्या जेवणाखाण्याची सोय लावायची, पकडलेल्यांच्या जागी नवी तुकडी उभी करायची, गावात बहिष्कार पडलेल्या घरांकडे लक्ष ठेवायचे, आणि हे सारे वर्षानुवर्षे. वर्तमानपत्रात छापून यावे असे यात काहीच नसते. पण एखादा सत्याग्रह पाच दिवसांत विरतो की पाच वर्षे टिकतो, हे याच कामावर ठरते.

3 मार्च 1934 चे बाबासाहेबांचे पत्र या संदर्भात लक्षपूर्वक वाचण्यासारखे आहे. आता मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह पुन्हा सुरू करू नये, असा सल्ला त्यांनी त्यात गायकवाडांना दिला. अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून आपण ही चळवळ सुरू केली नव्हती, त्यांच्यात जागृती आणण्याचा तो उत्तम मार्ग वाटला म्हणून केली होती, अशी त्यांची भूमिका होती. हे पत्र अनेकदा गायकवाड केवळ आज्ञाधारक असल्याचा पुरावा म्हणून पुढे केले जाते. मला त्यात नेमके उलटे दिसते. नेता आपल्या भूमिकेचे मूळ कारण इतक्या बारकाईने त्यालाच समजावून सांगतो, ज्याच्या पटण्या-न पटण्यावर जिल्ह्याची चळवळ अवलंबून असते. पुढच्याच वर्षी, 13 ऑक्टोबर 1935 रोजी, याच जिल्ह्यातल्या येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली, आणि त्या वळणावर नाशिकचे कार्यकर्ते बाबासाहेबांच्या पाठीशी उभे राहिले. ही बांधणी दादासाहेबांची होती.

1937 पासूनची मुंबई विधिमंडळातली त्यांची वर्षे, 1957 साली नाशिकमधून लोकसभेवर झालेली निवड आणि नंतरची राज्यसभा यांचा येथे केवळ उल्लेख करतो, कारण त्यांचे स्वतंत्र कर्तृत्व माझ्या मते संसदेबाहेर अधिक आहे.

बाबासाहेबांच्या निधनानंतर ऑक्टोबर 1957 मध्ये रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि दोन वर्षांच्या आत त्यात फूट पडली. एका गटाचे म्हणणे असे की पक्षाने सनदशीर मार्गाने चालावे, आणि गायकवाडांवर कम्युनिस्टांची छाया पडली आहे. वादाच्या मुळाशी जमिनीचा प्रश्न होता. महारवतने, म्हणजे गावकामाच्या मोबदल्यात महारांकडे असलेली वतने, 1958 च्या कायद्याने रद्द झाली, गावाची वेठ कायद्याने संपली. पण ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्याला त्याच पाटलाच्या शेतावर मजुरीला जायचे, तर सन्मान कसला? गावातली गायराने आणि सरकारी पडीक जमीन भूमिहीनांना द्या, ही मागणी घेऊन दादासाहेब 1959 मध्ये रस्त्यावर उतरले. ही मागणी फक्त एका जातीची नव्हती, त्यात भूमिहीन म्हणून जो कोणी असेल तो येत होता. मंदिराच्या पायरीवरून चळवळ बांधापर्यंत नेणाऱ्या माणसाला स्वतंत्र विचार नव्हता, असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

1964 साली हाच लढा देशभर गेला. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना मागण्यांचे निवेदन देण्यात आले. पडीक जमिनीचे वाटप, शेतमजुरांना किमान वेतन, अस्पृश्यताविरोधी कायद्याची कडक अंमलबजावणी, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र. 6 डिसेंबरला सत्याग्रह सुरू झाला आणि लाखो माणसे तुरुंगात गेली. हातावर पोट असलेल्या मजुराने तुरुंगात जाणे म्हणजे घरची चूल बंद पडणे. ते ठाऊक असूनही माणसे गेली, कारण त्यांचा सांगणाऱ्यावर विश्वास होता.

आता 1967 चा समझोता. यशवंतराव चव्हाणांच्या काँग्रेसशी केलेल्या त्या युतीतून पक्षाच्या पदरात फारसे पडले नाही आणि पुढच्या पिढीला सत्तेच्या दारात ताटकळण्याची सवय लागली, हे मी नाकारत नाही. तो निर्णय चुकला असेल. परंतु ज्याने त्या वेळेपर्यंत जवळजवळ चार दशके तुरुंग आणि बहिष्कार अंगावर घेतले, त्याच्या त्या निर्णयाचा हेतू लोभ होता असे म्हणायला काही आधार लागतो, आणि तो आजवर कोणी पुढे ठेवलेला नाही. जमिनीचे वाटप करणे सरकारच्याच हातात होते. तुरुंग भरूनही ते झाले नाही, तेव्हा त्यांनी सत्तेजवळ जाऊन पाहिले. 29 डिसेंबर 1971 रोजी त्यांचे निधन झाले, म्हणजे त्या प्रयोगाचा हिशेब तपासायला त्यांना अवघी चार वर्षे मिळाली.

2004 पासून राज्य शासनाची सबलीकरण व स्वाभिमान योजना त्यांच्या नावाने चालते. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला 4 एकर जिरायती किंवा 2 एकर बागायती जमीन द्यायची, असे तिचे स्वरूप आहे. मात्र ही जमीन खाजगी मालकाकडून विकत घ्यावी लागते, आणि ठरलेल्या दरात जमीन विकणारा मिळाला नाही तर अर्ज पडून राहतो. दादासाहेबांची मागणी सरकारी पडीक जमिनीची आणि गायरानांची होती. त्यांच्या कारकिर्दीवर निकाल देणाऱ्यांनी त्या मागणीचे गावोगावी काय झाले ते आधी तहसील कचेरीतून काढावे, अशी माझी विनंती आहे.