पट्टा सुटल्यावर

(दृश्य : दंडावर आवळलेला पट्टा, हवा सुटल्याचा आवाज)

१५० / ९६. दुसऱ्यांदा मोजलं, आठवड्याने पुन्हा मोजलं, आकडा उतरला नाही. डॉक्टर गोळी लिहून देतात आणि पेशंट घरी जातो. पण वाढलेलं बीपी पुष्कळदा एकटं आलेलं नसतं. त्याच्याबरोबर आणखी कोण आलंय, हे बघायचं राहूनच जातं.

(दृश्य : लॅबमधली रक्ताची नळी, अगदी जवळून)

ही नळी बघा. यंत्रात गरगर फिरवल्यावर लाल पेशी तळाशी बसल्यात. वरचा द्रव एरवी पिवळसर, नितळ असतो. इथे तो दुधाळ झालाय. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक चरबी, खूपच चढलं की असं दिसतं. नुसतं कोलेस्टेरॉल वाढलं तर हाच द्रव नितळ राहतो, आणि साखर तर डोळ्यांना कधीच दिसत नाही. त्रासही बहुधा काही होत नाही. म्हणून तपासूनच घ्यावं लागतं.

१९८८ साली अमेरिकेतले डॉक्टर जेराल्ड रीव्हन यांनी बीपी, चरबी आणि साखर या तिन्हींमागचा एक धागा मांडला : शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. त्या जादा इन्सुलिनमुळे मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं आणि बीपी चढतं. यकृत रक्तात जास्त चरबी सोडतं, चांगलं कोलेस्टेरॉल घटतं. साखर मात्र स्वादुपिंडाच्या या जादा मेहनतीमुळे कित्येक वर्षं नॉर्मल दिसू शकते. प्रत्येकाच्या बीपीमागे हेच असतं असं नाही. पण आहे की नाही, हे बघायला तर हवं.

उपाशीपोटी साखर १०० ते १२५ आली, की मधुमेह उंबरठ्यावर आहे. १२६ किंवा त्याहून जास्त, किंवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी तपासणी) ६.५ टक्के किंवा जास्त, आणि पुन्हा तपासूनही तेच, म्हणजे तो घरात शिरला. सोबत लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी. आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन, हे आवर्जून; मूत्रपिंडाला झळ लागल्याचं ते फार लवकर सांगतं.

(दृश्य : पुन्हा तोच पट्टा, हळूहळू भरणारी हवा)

दोन्ही दुखणी एकत्र असली, तरी हातात बरंच असतं. ब्रिटनमध्ये बीपी आणि टाइप २ मधुमेह दोन्ही असलेल्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष १९९८ साली आले. एका गटाचं सरासरी बीपी १५४ / ८७ होतं, दुसऱ्याचं १४४ / ८२ वर ठेवलं होतं. दुसऱ्या गटात पक्षाघात ४४ टक्क्यांनी कमी झाले. वरचा आकडा उतरला होता जेमतेम १० ने.