वारा इकडून आला

(पडद्यावर: पहाट. केळीच्या दोन ओळींमधली वाट, ठिबकच्या नळ्या, मागे सातपुडा.)

सकाळचे साडेसहा. सातपुड्याची रांग अजून निळी आहे. यावल तालुक्यातलं हे गाव, आणि ही माझी मावशी. घरातलं उरकून बांधावर आली आहे. एका हातात घडीचं स्टूल, दुसऱ्या हातात फराळाचा जुना डबा. डब्यात रंगाच्या ट्यूबा, तीन ब्रश, एक सुरी आणि धोतराच्या चिंध्या.

आपण चित्रकार आहोत असं मावशी कधी म्हणत नाही. शाळेत असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन परीक्षा दिल्या होत्या. मग लग्न, शेत, मुलं, सासूबाईंचं दुखणं. ब्रश पुन्हा हातात आला तेव्हा वय ५३ होतं.

आधी तिनं जलरंग करून पाहिले. जलरंगाला एका बैठकीत सगळा वेळ द्यावा लागतो. दारात कोणी आलं, चुलीवर दूध उतू गेलं, की परत येईपर्यंत डाग वाळून बसलेला. त्यात आमचा उन्हाळा. कागदावर पाणी टेकलं न टेकलं तोच सुकतं. तेलरंग मात्र पॅलेटवर, कॅनव्हासवर ओला राहतो. सकाळी अर्धा तास, मग भाकरी, दुपारी पुन्हा वीस मिनिटं. "हा रंग माझ्यासाठी थांबतो रे," मावशी मला म्हणाली होती. बाईमाणसाच्या तुकड्या-तुकड्यांच्या दिवसाला हाच रंग झेपतो, असं आता माझंही मत झालं आहे.

(पडद्यावर: भिंतीवर गोठ्याचं छोटं चित्र. त्यावर बोट टेकतं, चिकटतं.)

हे तिचं सुरुवातीचं चित्र. जवसाच्या तेलाची बाटली संपली होती आणि जळगावला जाणं होत नव्हतं. मावशीनं रंगात घरातलं शेंगदाण्याचं तेल घातलं. ते चित्र आज इतक्या वर्षांनीही चिकट आहे. धूळ, चिलटं, कापसाचे तंतू, जे उडून आलं ते बसलं. तेलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, हे तिला त्यानंतर कळलं. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेतं आणि हळूहळू घट्ट होतं. शेंगदाण्याच्या तेलात तो गुण नाही.

याच गुणामुळे जवसाच्या तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकायचा नसतो. घट्ट होताना तेल तापतं, आणि ढिगात ती ऊब कोंडली की चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि शेजारी कडब्याची गंजी असते. मावशी प्रत्येक चिंधी पाण्याच्या डब्यात टाकते. नव्यानं शिकणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवाच.

(पडद्यावर: केळीचं एक पान, अगदी जवळून. मग पॅलेट.)

आता हे पान बघा. मावशीनं एकट्या या पानावर एक अख्खा पावसाळा घालवला.

केळीचं पान हिरवं असतं हे सगळ्यांनाच माहीत आहे. अडचण तिथूनच सुरू होते. ट्यूबमधला हिरवा जसाच्या तसा लावला की पान प्लॅस्टिकचं दिसतं. मावशीनं हिरव्या ट्यूबा बाजूला ठेवल्या. लेमन यलो, अल्ट्रामरीन निळा, आणि त्यात सुरीच्या टोकावर मावेल एवढा बर्न्ट सिएना. तो तपकिरी रंग हिरव्याचा भडकपणा मारतो. तरी पान जमेना. मग एके दिवशी तिला दिसलं, की भर दुपारी पानाचा वरचा भाग निम्मा हिरवा नसतोच. तो गुळगुळीत असतो, त्यावर आभाळ उतरतं. तिथं निळसर पांढरा लागतो. पान उलटं केलं की पाठीवर मेणासारखी पांढुरकी पूड. आणि त्याच पानाच्या मागून ऊन आलं, तर ते पिवळंधमक पेटतं, आतली शीर न् शीर मोजता येते. एकाच पानात तीन रंग, आणि तिन्ही खरे. नव्या पोंग्याचा, म्हणजे अजून न उलगडलेल्या पानाच्या गुंडाळीचा, कोवळा पोपटी आणखी वेगळाच.

"मले वाटायचं, मी रोज बघते ही बाग," मावशी सांगते. "बघत कुठे होते? नुसती चालत होते."

(पडद्यावर: भुसावळ स्टेशन. नंतर चाळीसगाव.)

मावशीला मी एकदा भुसावळला नेलं होतं. मेजर रॉबर्ट गिल यांची कबर तिथं आहे. १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला ते आले, आणि त्या नकला त्यांनी केल्या तेलरंगात, मोठमोठ्या कॅनव्हासवर. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. गिल १८७९ मध्ये वारले. मावशी कबरीजवळ बराच वेळ उभी होती. परतताना एवढंच विचारलं, "जळाल्याचं कळल्यावर त्यांनी पुन्हा ब्रश धरला असेल?" मी सांगितलं, धरला, पुन्हा नकला करायला घेतल्या. मग गाडीत ती काही बोलली नाही.

चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांचं घर पाहिलं, ते तिला जास्त जवळचं वाटलं. विलायतेत शिकून आलेला हा माणूस पुढची अनेक वर्षं घराबाहेर जवळजवळ पडलाच नाही. घरातल्या टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडायच्या, प्रकाश साधायचा, आणि फोटोत अख्खा देखावा उभा करायचा. घरात राहूनही एवढं करता येतं, हे तिनं तिथं डोळ्यांनी पाहिलं.

त्या हिवाळ्यात तिनं भरताची वांगी काढली. आमची वांगी जांभळी नसतात. फिक्कट हिरवी, हातभर लांब. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, जाळावर ती टाकली की साल आधी पिवळी पडते, मग फुगते, मग काळी होऊन तडकते, आणि तडकल्या जागी आतला ओला पांढरा दिसतो. मावशीनं तो क्षण धरला. वांगी अर्थातच नंतर ठेचून खाल्ली आम्ही, कांद्याची पात आणि कळण्याच्या भाकरीबरोबर.

(पडद्यावर: मोठा कॅनव्हास, अजून पाठमोरा.)

हे चित्र आहे दोन वर्षांपूर्वीचं.

मे महिना संपत आला होता. संध्याकाळी चार वाजता आभाळ काळं झालं आणि वारं सुटलं. वाऱ्याला आडोसा म्हणून बागेच्या कडेनं शेवरी लावलेली असते. ती त्या दिवशी कामी आली नाही. केळीचं खोड म्हणजे लाकूड नव्हे, एकावर एक गुंडाळलेली सोपटं. वर भरलेल्या घडाचं ओझं. अर्ध्या तासात शेजारची बाग आडवी झाली. घड कापायला पंधरा दिवस राहिले होते.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव बांधावर. मावशीही गेली, आणि परत आली ती गप्प. तिला ते चित्र काढायचं होतं आणि त्याची लाज वाटत होती. दुसऱ्याच्या नुकसानीचं चित्र काढणं शोभतं का, हेच तिला कळत नव्हतं. शेवटी ती बागवाल्याच्या घरी गेली. मावसाजींना भावासारखा असलेला हा माणूस. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काढा वहिनी. पंचनाम्यात फक्त झाडं मोजतात."

चार दिवस रोज सकाळी ती तिथं बसली. मोडलेल्या खोडाच्या आत मधमाशीच्या पोळ्यासारखी घरं असतात, ती पहिल्या दिवशी पांढरी होती. दुसऱ्या दिवशी गुलाबी-तपकिरी, चौथ्या दिवशी काळी. चीक तिच्या लुगड्यावर पडला, तो डाग अजून गेलेला नाही. फाटलेली पानं, चिखलात रुतलेल्या फण्या, आणि या सगळ्यावर पावसानं धुतलेलं स्वच्छ ऊन. तिनं पुढची दोन खोडं उलट्या दिशेला टाकली, चित्राचा तोल साधावा म्हणून. चित्र म्हणून ते चांगलं दिसत होतं. मी पाहिलं होतं.

पाचव्या दिवशी बागवाले तिच्या मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ बघत होते. मग बोट पुढं केलं, कॅनव्हासला न टेकवता.

"वहिनी, हे दोन असे नव्हते पडले. वारा इकडून आला." आणि त्यांनी हात हलवून वारा दाखवला, नदीकडून डोंगराकडे.

रंग अजून ओला होता. मावशीनं सुरी उचलली आणि दोन्ही खोडं खरवडून काढली. बागवाले तिथंच बांधावर खाली बसले.

(पडद्यावर: कॅनव्हास वळतो. सगळी खोडं एकाच दिशेला, डोंगराकडे.)